अडकलेल्या काडतुसाची मीमांसा

बंदुकीच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक ग्रंथकार ती चालली तेव्हा काय घडले याचे सविस्तर वर्णन करतात. ती ऐन वेळी न चालल्यामुळे काय घडले याची नोंद ठेवण्याचे काम त्यांनी दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांवर सोडलेले दिसते, आणि कारागीर ग्रंथ लिहीत नाहीत, बिले लिहितात. या उपेक्षेचा सर्वांत मोठा फटका लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीला बसला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नावारूपाला आलेली आणि पुढे काउबॉय चित्रपटांमुळे जगभर ओळखीची झालेली ही बंदूक पडद्यावर कधीही अडकत नाही. पडद्याबाहेर मात्र तिचे दोन मालक एकत्र बसले, की ती का अडकते, कोणाची जास्त अडकते आणि त्यात कोणाचा दोष, या तीन प्रश्नांपलीकडे संभाषण फारसे सरकत नाही.

लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे अशी रचना, की जिच्यात चापाभोवतीची लोखंडी कडी हीच एक तरफ असते. ही कडी पूर्ण पुढे लोटली की बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी दांडा, मागे सरकतो; त्याच्या टोकाचा आकडा झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी चेंबरमधून, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेतून, ओढून काढतो आणि ती बाहेर फेकली जाते; मागे जाता जाता बोल्ट घोड्यालाही मागे दाबून बाराला सज्ज करून ठेवतो. मुख्य नळीच्या खाली दुसरी बारीक नळी असते, तिला मॅगझिन म्हणतात. तिच्यात एकाच्या बुडाला दुसऱ्याचे टोक लावून निजवलेली काडतुसे स्प्रिंगच्या रेट्याने मागे सरकत असतात, आणि त्यांतले एक कॅरियर नावाच्या हलत्या पट्टीवर येऊन पडते. कॅरियर ते उचलून चेंबरच्या तोंडाशी धरतो, कडी परत ओढली की बोल्ट पुढे येऊन त्याला आत ढकलतो आणि दार लावून घेतो. एवढे सगळे कार्य मनगटाच्या एका हेलकाव्यात निर्विघ्नपणे पार पडावे अशी रचनाकाराची अपेक्षा असते, आणि ती ऐकली की रचनाकार स्वभावाने आशावादी असतात याबद्दल शंका उरत नाही.

हा सारा व्यवहार लग्नघरातल्या पंगतीसारखा आहे. पहिली पंगत उठली पाहिजे, पाने उचलली गेली पाहिजेत, मगच दुसरी बसली पाहिजे. आणि दाराशी ताटकळलेल्या मंडळींना तोवर कोणीतरी गोड बोलून थोपवून धरले पाहिजे. बंदुकीत पाने उचलण्याचे काम आकडा करतो, आणि दाराशी उभे राहण्याचे काम एखादी छोटी अडण करते किंवा कॅरियर स्वतःच करतो. बंदूक अडकणे, ज्याला इंग्रजी वळणाने जॅम होणे म्हणतात, हा बहुधा या क्रमाचाच भंग असतो : पहिला उठण्याआधी दुसरा येऊन बसतो, किंवा एकाच पाटावर दोघे टेकू पाहतात. पितळेला भीड नसल्यामुळे दोघांपैकी कोणीही ‘तुम्ही आटपा, मी पुढच्या पंगतीला बसतो’ असे म्हणून मागे हटत नाही. दोघेही अर्धे आत आणि अर्धे बाहेर असे तिथेच ठाण मांडतात, कडी ना पुढे जाते ना मागे येते, आणि मालक चापाभोवती बोटे अडकवून उभा राहतो.

या रचनेची वंशावळ शोधत मागे गेले की न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट या संशोधकापाशी पोचावे लागते. हंटने १८४९ या एकाच वर्षी दोन पेटंटे मिळवली. एक होते तारेला पीळ देऊन केलेल्या सेफ्टी पिनचे, आणि दुसरे नळीखाली मॅगझिन असलेल्या, एकदा भरून अनेकदा झाडता येणाऱ्या रायफलीचे. सेफ्टी पिनचे हक्क त्याने १५ डॉलरचे देणे भागवण्याच्या धडपडीत ४०० डॉलरना विकून टाकले, आणि ती वस्तू आजतागायत जगभर, तसेच मराठी घरांत बांगडीला लटकवलेल्या जुडग्यापासून खांद्यावरच्या पदरापर्यंत, तक्रारीविना चालू आहे. रायफल मात्र इतकी गुंतागुंतीची निघाली की तिला बाजाराचे तोंडही पाहता आले नाही. तिच्या सुधारणेचे काम पुढे लुइस जेनिंग्ज, मग होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन असे हातोहात फिरत गेले आणि १८५५ साली व्होल्कॅनिक नावाच्या कंपनीत येऊन थबकले. या कंपनीच्या भागधारकांत न्यू हेवन गावचा एक शर्टांचा कारखानदार होता. त्याचे नाव ऑलिव्हर विंचेस्टर. कंपनी बुडाली तेव्हा १८५७ मध्ये त्याने तीच ताब्यात घेतली, आणि ज्या गृहस्थाची हयात बटणे काजात नीट बसतात की नाही हे पाहण्यात गेली होती, त्याच्यावर काडतुसे चेंबरमध्ये नीट बसतात की नाही हे पाहण्याची वेळ आली. पहिले काम पुष्कळ सोपे होते, असे त्याला वाटले असल्यास नवल नाही.

विंचेस्टरच्या कारखान्यातील बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० साली ज्या रायफलीचे पेटंट घेतले, ती खऱ्या अर्थाने चालणारी पहिली लिव्हर रायफल मानली जाते. तिच्यात पितळी-तांब्याच्या पुंगळीचे काडतूस होते, एकदा भरली की पंधरा-सोळा बार काढता येत होते, आणि अमेरिकन यादवी युद्धात ज्या सैनिकांच्या हाती ती पडली त्यांनी पदरचे पैसे घालून ती घेतल्याचीही उदाहरणे आहेत. परंतु तिच्या मॅगझिनला खालच्या बाजूने लांबलचक उघडी फट होती. या फटीतून काडतुसांना मागे रेटणाऱ्या स्प्रिंगच्या टोपीचे, म्हणजे फॉलोअरचे, एक पितळी बोंड बाहेर डोकावत असे, आणि बार होत जातील तसतसे ते नळीच्या तोंडाकडून नेमबाजाच्या डाव्या हाताच्या दिशेने सरकत येई. डावा हात अर्थातच बंदूक धरण्यासाठी तिथेच असे. बोंड हाताशी येऊन टेकले की काडतुसांचा पुरवठा बंद पडे, आणि बंदूक बिघडली अशी समजूत होऊन ती हलवून, आपटून, उलटी करून पाहिली जाई. आजही या रायफलीच्या प्रतिकृती वापरणारी हौशी मंडळी ऐन नेमबाजीत डावा हात चटकन उचलून बोंडाला वाट करून देतात. या लहानशा उडीला ‘हेन्री हॉप’ असे नाव पडले आहे. बंदुकीतला दोष माणसाने नृत्याने भरून काढल्याचे दुसरे उदाहरण सहसा आढळत नाही. शिवाय त्या फटीतून धूळ, चिखल आणि गवताच्या काड्या यांनाही काडतुसांइतकाच मुक्त प्रवेश होता, हे वेगळेच.

१८६६ मध्ये नेल्सन किंग याने बंदुकीच्या अंगाला बाजूने एक स्प्रिंगची झडप बसवली, काडतुसे तिथून भरता येऊ लागली, मॅगझिन बंद झाले, आणि फटीचा प्रश्न मिटला. जुना प्रश्न सुटला की नव्याला जागा मोकळी होते, या न्यायाने आता काडतुसाच्या लांबीचा प्रश्न पुढे आला. हेन्रीच्या, १८६६ च्या आणि प्रसिद्ध १८७३ च्या नमुन्यात कॅरियर हा पितळी ठोकळा असतो आणि त्यात काडतुसाच्या मापाचा बोगदा कोरलेला असतो. मॅगझिनमधून पहिले काडतूस या बोगद्यात शिरते, आणि तेच आपल्या लांबीने मागच्या काडतुसाला उंबऱ्यावर थोपवते. दुसरी अडण या रचनेत नाहीच. काडतूस मापाचे असेल तर ठोकळा लिफ्टच्या डब्याप्रमाणे सरळ वर चढतो. ते थोडे लांब असेल, तर त्याचे टोक अजून मॅगझिनच्या तोंडात असते आणि ठोकळा जागचा हलत नाही. थोडे आखूड असेल, तर मागच्या काडतुसाचे बूड बोगद्यात डोकावते आणि ठोकळा वर निघताना त्याला कात्रीत पकडतो. म्हणजे ज्या यंत्राने सीमाभागातल्या बेशिस्त माणसांची सोबत करून नाव कमावले, ते यंत्र स्वतः मात्र मिलिमीटरचाही बेशिस्तपणा खपवून घेत नाही.

बंदूक अडकल्यावर मालकाच्या मनात संशयितांची जी यादी तयार होते, तिचा क्रम कोठेही फारसा बदलत नाही. पहिला संशय काडतुसावर जातो, दुसरा कारखान्यावर, तिसरा आधीच्या मालकावर, चौथा हवामानावर. आणि कडी हलवणाऱ्या मनगटाचे नाव या यादीत एक तर नसते, किंवा बाकी सगळे निर्दोष सुटल्यावर नाइलाजाने घातले जाते. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण ज्यांनी घडवली त्यांनी लिव्हर रायफल पाहिली नव्हती, तरीही तिच्या मालकांचे त्यांना बऱ्यापैकी आकलन होते. अर्थात न्यायाच्या दृष्टीने हेही नोंदवले पाहिजे, की काडतूस कधी कधी खरोखरच गुन्हेगार असते. .३५७ मॅग्नम या काडतुसासाठी केलेल्या रायफलीत त्याच व्यासाचे .३८ स्पेशल हे काडतूसही झाडता येते, आणि ते स्वस्त व सौम्य असल्यामुळे पुष्कळ जण तेच वापरतात. परंतु त्याची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटर आखूड असते, आणि त्यावर बोथट, हलकी गोळी बसवलेली असली तर एकंदर लांबी इतकी घटते की कॅरियरला ते कसे धरावे हेच कळेनासे होते. काही गोळ्यांना कडेला तासलेला खांदा असतो. असली गोळी कागदाच्या लक्ष्याला सुबक गोल भोक पाडते, पण चेंबरच्या काठाला तोच खांदा अडकवून उभी राहते. उतरत्या बाजूंची, सपाट नाकाची गोळी मात्र काठावरून घसरून गुमान आत जाते.

सपाट नाकाचे आणखी एक कारण आहे, आणि तिथे विनोद थांबवावा लागतो. काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी टोपी असते. तिच्यावर आघात झाला की ठिणगी पडून दारू पेटते. नळीच्या मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या नेमक्या याच टोपीवर टेकलेले असते, म्हणून तिथे टणक टोकदार गोळी घालणे म्हणजे दणक्यासरशी मॅगझिनमध्येच बार होण्याची सोय करणे होय. जॉन ब्राउनिंग याने १८९५ च्या विंचेस्टरसाठी नळी टाकून देऊन पोटाशी पेटीचे मॅगझिन दिले, त्यामुळे टोकदार गोळ्यांची वाट मोकळी झाली. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला गेला तेव्हा याच नमुन्याच्या रायफली त्याच्याबरोबर होत्या. अलीकडे हॉर्नाडी कंपनीने मऊ, दबणाऱ्या टोकाच्या गोळ्या काढल्या आणि नळीच्या मॅगझिनवाल्यांचीही सोय झाली. बाकी सर्वांनी आपल्या काडतुसाचे नाक सपाट आहे ना, हे भरण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे; या एका बाबतीत आळस परवडत नाही.

आता मनगटाकडे वळणे भाग आहे. लिव्हर रायफल अडकण्याच्या कारणांत सर्वाधिक सामान्य आणि सर्वांत कमी कबूल केले जाणारे कारण म्हणजे कडी पूर्ण न लोटणे. या रायफलींपैकी बऱ्याच नमुन्यांत, विशेषतः १८९२ आणि १८९४ च्या विंचेस्टरमध्ये, कडीच्या प्रवासाचा अगदी शेवटचा टप्पा कॅरियरला वर उचलतो, आणि पुंगळी बाहेर फेकली जाते तीही बोल्ट पुरता मागे गेल्यावरच. म्हणजे महत्त्वाची दोन्ही कामे रचनाकाराने नेमकी त्या जागी ठेवली आहेत, जिथे पोचण्याआधी सामान्य माणसाला काम झाल्यासारखे वाटू लागते. कडी नव्वद टक्के लोटणाऱ्याला नव्वद टक्के फळ मिळत नाही; त्याला रिकामी पुंगळी अर्धी बाहेर, नवे काडतूस अर्धे वर, आणि उरलेला सगळा दिवस स्क्रू-ड्रायव्हरच्या संगतीत असे फळ मिळते. त्यातही विशेष असे, की ही चूक उतावळ्यांइतकीच हळुवार माणसांच्याही हातून होते. नव्या, महागड्या बंदुकीला इजा होऊ नये म्हणून जो ती दोन बोटांनी, चहाचा कप उचलावा तशी हाताळतो, त्याच्याच हाती ती हमखास अडकते, आणि ज्याने ती कोठाराच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे टाकून ठेवलेली असते तो शेतकरी ती उचलून खाडखाड चालवून दाखवतो. यंत्राला मऊ हाताची किंमत नसते ही गोष्ट सुसंस्कृत माणसाला पटवणे कठीण जाते.

या गैरसमजाचा बराचसा दोष चित्रपटांकडे जातो. जॉन फोर्डच्या १९३९ सालच्या ‘स्टेजकोच’ या चित्रपटात जॉन वेन हातातली विंचेस्टर एका हाताने गरकन फिरवतो, त्यासाठी तिची कडी मुद्दाम मोठी केलेली आहे, आणि कथा १८८० च्या सुमाराची असूनही बंदूक १८९२ च्या नमुन्याची आहे. आपल्या जन्माच्या बारा वर्षे आधी कामावर हजर झालेली ही रायफल तरीही एकदाही अडकत नाही. तो प्रसंग पाहून वाढलेल्या पिढ्यांनी मोठ्या कडीच्या रायफली विकत घेतल्या, त्या फिरवून पाहिल्या, आणि बोटांची हाडे व बंदुकीच्या नळीचे वजन यांतील प्रमाणाचा अभ्यास प्रत्यक्ष केला.

अमेरिकेत १९८० च्या दशकापासून ‘काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग’ नावाचा खेळ रूढ झाला असून त्याचा कारभार १९८७ साली स्थापन झालेली सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी पाहते. या खेळात निवृत्त हिशेबनीस, दंतवैद्य आणि आजीबाई एकोणिसाव्या शतकातले कपडे चढवतात, स्वतःला एखादे रांगडे टोपणनाव देतात, आणि लोखंडी लक्ष्यांवर घड्याळ लावून बार काढतात; वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. घाई असलेल्या ठिकाणी कडी अर्धवट लोटली जाणारच. तिथे या दुखण्यावर जो इलाज निघाला तो मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकांनी जरूर पाहावा. मनगटाला पूर्ण लोटायला शिकवण्याऐवजी रायफलीतले दांडे बदलून कडीचा प्रवासच आखूड करण्यात आला, आणि हे आखूड प्रवासाचे भाग आता संच करून विकले जातात. विद्यार्थी नापास होतो म्हणून उत्तीर्ण होण्याचे गुण खाली आणण्याची जी युक्ती शिक्षणखात्यांना सुचते, ती बंदुकीच्या कारागिरांना स्वतंत्रपणे सुचलेली आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ती बंदुकीत बरी चालते.

तथापि सगळाच दोष माणसाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण ‘मार्लिन जॅम’ नावाचे दुखणे शुद्ध यांत्रिक आहे. जॉन मार्लिन याच्या कारखान्यातून निघालेल्या रायफलींचे डोके बंद, पुंगळी बाजूने बाहेर पडणारी, अशी रचना भक्कम म्हणून नावाजलेली आहे. परंतु तिच्या पोटात दोन भागांचे जन्माचे वैर आहे. कडीच्या आतल्या टोकाला एक वळणदार उंचवटा असतो आणि तो प्रत्येक हेलकाव्याला कॅरियरच्या खालच्या अंगावर घासत जाऊन त्याला वर ढकलतो. या उंचवट्याची धार कारखान्यातून तीक्ष्णच राहिलेली असली, तर ती दर खेपेला कॅरियरच्या अंगाचा अगदी बारीक कण खरवडते. हजारो खेपांनंतर तिथे नखाला लागेल इतकीच एक पायरी तयार होते. मात्र कॅरियरचे पुढचे टोक ठरावीक उंचीवर राहूनच मॅगझिनमधल्या पुढच्या काडतुसाला थोपवत असते, आणि पायरीमुळे ते केसभर खाली राहू लागते. तेवढ्या फटीतून दुसऱ्या काडतुसाची बुडाची कड निसटते, ते अर्धवट बाहेर सरकते, कॅरियरला वर येऊ देत नाही आणि खाली जाऊ देत नाही. एवढ्या किरकोळ झिजेने तीन किलोंच्या आसपासचे यंत्र ठप्प व्हावे ही बाब ज्यांना अविश्वसनीय वाटते, त्यांनी कॅरियर काढून, उलटा करून, त्यावरून नख फिरवून पाहावे. डोळ्याला न दिसणारी पायरी नखाला सापडते.

या दुखण्यातही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हा प्रकार सर्रास चालतो. काडतूस मॅगझिनमधून नको तेव्हा बाहेर येते, हे पाहून मालक मॅगझिनची स्प्रिंग कापून मवाळ करतो. त्यामुळे काडतूस हवे तेव्हाही बाहेर येईनासे होते. मग तो जास्त ताणाची स्प्रिंग घालतो. आता झडपेतून काडतुसे भरताना अंगठ्याचे कातडे सोलवटते आणि मूळ जॅम पूर्वीसारखाच राहतो. काही जण आत तेल ओततात. तेल, न जळलेल्या दारूचे कण आणि कापडाचे तंतू यांचा कालांतराने जो चिकट लगदा होतो, त्यात फॉलोअर रुतून बसतो आणि तक्रारीत एका कलमाची भर पडते. मॅगझिनची नळी चेपलेली असणे, तिला धरणारा पट्टा अती आवळलेला असणे, झडपेचा स्क्रू ढिला होऊन झडप आत लोंबणे, ही साधी कारणे मात्र साधी असल्यामुळेच कोणी पाहत नाही.

अमेरिकेत स्वयंपाकघराच्या टेबलावर बंदूक खोलून बसणाऱ्या हौशी दुरुस्तीकाराला ‘बब्बा’ या नावाने हिणवण्याची प्रथा आहे, आणि व्यावसायिक कारागिरांच्या उत्पन्नाचा तो एक भरवशाचा स्रोत आहे. त्याची ओळख स्क्रूच्या डोक्यावरून पटते. बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा अरुंद आणि सरळ भिंतींच्या असतात, त्यांना त्याच मापाचे, समांतर कडांचे पाते लागते; घरगुती पाचरीच्या आकाराचा स्क्रू-ड्रायव्हर त्यात फिरवला की खाचेचे ओठ उलटतात आणि ती बंदूक कोणाच्या हातून गेली आहे याचा कायमचा दाखला तयार होतो. याच्या पुढची पायरी म्हणजे ड्रेमेल हे मिनिटाला हजारो फेरे घेणारे छोटे घासणीयंत्र. कॅरियर थोडासा खडबडीत वाटला म्हणून ते चालू करण्यात येते, आणि थोडासा धातू निघाल्यावर ते बंद करावे हे सुचेपर्यंत पुष्कळ धातू निघालेला असतो. हात दाखवून अवलक्षण करण्याचे इतके वेगवान साधन पूर्वीच्या पिढ्यांना उपलब्ध नव्हते. भारतात शस्त्र कायदा, १९५९ याच्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, आणि लिव्हर रायफली मुळातच दुर्मीळ आहेत. त्यामुळे हा प्राणी इथे बंदुकीच्या क्षेत्रात फोफावला नाही, आणि त्याची प्रतिभा मिक्सर, इस्त्री आणि भिंतीवरचे पंखे यांच्यावर खर्च झाली.

प्रतिष्ठेचाही एक अडथळा असतो. विंचेस्टर कंपनीने १९६४ साली खर्च कमी करण्यासाठी आपल्या १८९४ च्या नमुन्यात बदल केले आणि पूर्वीच्या घडीव कॅरियरच्या जागी पत्र्याचा दाबीव कॅरियर बसवला, त्यावर एवढा गहजब झाला की ‘चौसष्टपूर्व’ ही बंदुकीची स्वतंत्र जात ठरून तिचा भाव वर गेला. परिणामी चौसष्टनंतरची बंदूक अडकली की मालक पत्र्याच्या नावाने बोटे मोडतो, आणि चौसष्टपूर्व बंदूक अडकली की तो ती गोष्ट विक्रीपर्यंत बोलत नाही. पत्र्याचा कॅरियर दिसायला दरिद्री होता हे खरे. पण कडी पूर्ण लोटणाऱ्याच्या हाती तोही काडतूस उचलत होताच.

दुरुस्तीचा शहाणपणाचा क्रम मालकाच्या संशयाच्या क्रमाच्या बरोबर उलटा आहे. अडकलेल्या बंदुकीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवून, जिवंत काडतूस आत असेतो कडीवर हातोडी किंवा गुडघा यांचा प्रयोग न करता, ती प्रथम पूर्ण रिकामी करावी. तेवढे जमत नसेल तर ती जशी आहे तशी जाणत्या कारागिराच्या स्वाधीन करावी. रिकामी झाल्यावर दारू नसलेली सरावाची काडतुसे भरून कडी पूर्ण लोटत आणि पूर्ण ओढत चालवून पाहावी, आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा दुरुस्ती इथेच संपते. संपली नाही तर मॅगझिनची नळी, स्प्रिंग व फॉलोअर काढून कोरडे पुसावेत, सैल स्क्रू तपासावेत, मग दुसऱ्या मापाची किंवा दुसऱ्या नाकाची काडतुसे वापरून पाहावी. एवढे करूनही मार्लिन अडकतच असेल, तर कडीच्या उंचवट्याची तीक्ष्ण धार बारीक दगडावर गोलसर करून घ्यावी, आणि झिजलेला कॅरियर बदलावा किंवा कारागिराकडून वेल्डिंगने भरून घ्यावा. कॅरियरला मात्र कानस लावू नये. तिथला धातू आधीच कमी झालेला असतो.